माहिती मागणाऱ्याचे नाव

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये संमत केला. त्यातल्या कलम ४४ च्या एका छोट्या उपकलमाने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) ची भाषा बदलली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. आधीच्या तरतुदीनुसार वैयक्तिक माहिती नाकारायची असेल, तर तिचा सार्वजनिक कामाशी काही संबंध नाही किंवा ती दिल्याने एखाद्याच्या खासगी आयुष्यात विनाकारण घुसखोरी होते, असे दाखवावे लागत असे. आणि तरीही व्यापक जनहित असेल तर ती द्यावीच लागे. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे एक भक्कम वाक्यही त्या कलमाला जोडलेले होते. आता या साऱ्याच्या जागी ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच उरले आहे.

या बदलाचे समर्थन करणारे दोन मुद्दे मांडतात. पहिला असा की २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा कायदा त्याच्याशी सुसंगत करणे भाग होते. दुसरा मुद्दा माझ्या ओळखीचे अनेक सुशिक्षित लोक हिरिरीने सांगतात: युरोपात बघा, तिथे व्यक्तीच्या माहितीला किती जपतात. मी स्वीडनमध्ये राहतो. युरोपीय संघाचा डेटा संरक्षण नियम, म्हणजे जीडीपीआर, इथे २०१८ पासून लागू आहे आणि त्याची शिस्त मला रोज जाणवते. म्हणूनच युरोपाचा हा दाखला अर्धाच आहे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

स्वीडनने १७६६ मध्ये मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा केला आणि त्यातच सरकारी कागद पाहण्याचा हक्क नागरिकांना दिला. त्यामागे आंदेर्स शूदेनिउस या, आज फिनलंडमध्ये मोडणाऱ्या प्रदेशातून आलेल्या धर्मोपदेशक लोकप्रतिनिधीचा मोठा वाटा होता. हा हक्क तेव्हापासून अखंड चालत आला, असे मात्र नाही. १७७२ मध्ये राजा तिसऱ्या गुस्ताव्हने सत्ता हाती घेतली आणि दोन वर्षांतच या स्वातंत्र्याचा संकोच केला. ते पुन्हा उभे राहिले ते १८०९ च्या राज्यक्रांतीनंतर. आज हा कायदा स्वीडनच्या राज्यघटनेचा भाग आहे. जीडीपीआर आला तेव्हा त्याच्या कलम ८६ मध्येच अशी सोय ठेवली गेली की सरकारी दस्तऐवज पाहण्याचा लोकांचा हक्क आणि व्यक्तीच्या माहितीचे संरक्षण यांचा मेळ प्रत्येक देशाने आपापल्या कायद्याने घालावा. आपल्याकडे युरोपाचे नाव घेताना या कलमाचा उल्लेख मी क्वचितच ऐकला आहे.

प्रत्यक्ष व्यवहार कसा चालतो, ते थोडे तपशिलात सांगतो. आमच्या मुलीच्या शाळेच्या मैदानाचे काम रखडले होते, म्हणून मी नगरपालिकेच्या कार्यालयात गेलो. तिथे लोकांसाठी ठेवलेल्या संगणकावर कार्यालयात आलेल्या आणि तिथून गेलेल्या पत्रांची नोंदवही पाहता येते. विषय, तारीख, कोणाकडून आले, कोणाला गेले, असे सारे तिच्यात असते. मी तिच्यातून ठेकेदाराचे देयक, अभियंत्याचा अभिप्राय आणि पालकांची दोन पत्रे निवडली आणि खिडकीवरच्या बाईंना त्यांचे क्रमांक सांगितले. त्यांनी माझे नाव विचारले नाही, कारणही विचारले नाही. तसे विचारण्याची त्यांना कायद्यानेच मनाई आहे. एखादा कागद गोपनीय आहे की नाही हे ठरवण्यासाठी गरज असेल, तेवढाच अपवाद. नऊ पानांपर्यंत प्रती फुकट मिळतात, दहाव्या पानाला ५० क्रोनर आणि पुढच्या प्रत्येक पानाला दोन क्रोनर. नकार मिळालाच, तर लेखी निर्णय मागता येतो आणि त्याविरुद्ध थेट अपिलीय प्रशासकीय न्यायालयात दाद मागता येते. त्याला शुल्क नाही.

याच काळात सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी माझ्या मामांनी एका रस्त्याचे अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागितली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला साधा अर्ज होता. माहिती देण्याची तीस दिवसांची मुदत संपण्याच्या कितीतरी आधी, आठवडाही झाला नसेल, तेवढ्यात ठेकेदाराच्या माणसाचा फोन आला, “अण्णा, आपल्याच गावात माहिती अधिकार कशाला टाकता? काय अडचण असेल ती मला सांगा ना.” भाषेत धमकी नव्हती. पण अर्ज कोणी दिला, हे कार्यालयाच्या दाराबाहेर पोहोचले होते, एवढे त्यातून स्पष्ट झाले. मामी त्यानंतर कित्येक दिवस धास्तावलेल्या होत्या आणि त्यांची भीती अनाठायी आहे, असे मला फोनवरून म्हणवले नाही. जमिनींच्या व्यवहारांतले गैरप्रकार याच कायद्याच्या आधारे उजेडात आणणाऱ्या सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडे येथे हत्या झाली, हे महाराष्ट्रात कोणी विसरलेले नाही.

म्हणून मला वाटते की खासगीपणाची खरी गरज आपल्याकडे सर्वात आधी अर्जदाराला आहे. कलम ६(२) प्रमाणे आपल्याकडेही अर्जाचे कारण सांगावे लागत नाही. पण नाव आणि पत्ता द्यावा लागतो, नागरिकत्वाची अट आहे, आणि महाराष्ट्रात तर २०१२ पासून अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत लिहावा असा नियम आहे. मागणाऱ्यावर इतकी बंधने असताना, ज्याच्या सहीने सार्वजनिक पैसा खर्च होतो त्याच्या नावाला मात्र ‘वैयक्तिक’ म्हणून आडोसा मिळावा, हे मला मुळातच उलटे वाटते.

स्वीडनची व्यवस्था मी निर्दोष मानत नाही. इथे कोणाचेही करपात्र उत्पन्न कर विभागाला फोन करून विचारता येते. लोकांची वये, पत्ते आणि वाढदिवस खासगी संकेतस्थळांवर सर्रास मिळतात. त्यांचा आधार घेऊन एकट्या राहणाऱ्या वृद्धांना फसवणारे फोन येतात आणि गुन्हेगारी टोळ्यांना आपले लक्ष्य कुठे राहते हे शोधायला कष्ट पडत नाहीत. यावर इथे तीव्र वाद चालू आहे आणि सामान्य माणसाच्या घराचा पत्ता असा उघडा असू नये, असे माझेही मत आहे. पण इथल्या कायद्याची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. गोपनीय काय, हे कायदेमंडळाने बाब घेऊन बाब ठरवले पाहिजे, असे राज्यघटनाच सांगते. रुग्णालयातली कागदपत्रे, समाजकल्याण खात्याकडची कुटुंबांची माहिती, मुलांची माहिती कडक गोपनीय. अधिकाऱ्याचा पगार, त्याने लिहिलेला शेरा, त्याला आलेले पत्र सर्वसाधारणपणे खुले. त्यासाठी २००९ चा एक भलामोठा कायदा आहे. तो वाचायला किचकट आहे, परंतु खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला एका शब्दावर बोट ठेवून कागद मागे सारता येत नाही. आपल्या नव्या तरतुदीत तालुक्याच्या जन माहिती अधिकाऱ्याला नेमके तेच करता येणार आहे.

यावर सरकारचे उत्तर असे की कलम ८(२) शाबूत आहे आणि जनहित मोठे असेल तर त्याखाली माहिती देता येते. हे खरे आहे. पण जनहिताची कसोटी जेव्हा त्या अपवादाच्या वाक्यातच होती, तेव्हा नाकारणाऱ्याला ती टाळून पुढे जाता येत नव्हते. २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्याला मिळालेल्या कारणे दाखवा नोटिसा आणि त्याच्या मालमत्तेचा तपशील वैयक्तिक ठरवला. त्या निकालाने पुष्कळ दारे बंद झाली, परंतु जनहिताचे दार त्या निकालानेही उघडेच ठेवले होते. आता नकार आधी येईल आणि जनहित सिद्ध करण्याचे ओझे अपिलात, म्हणजे राज्य माहिती आयोगापुढच्या प्रलंबित प्रकरणांच्या ढिगात, अर्जदाराने वाहायचे.

याचा फटका कोणाला बसेल, हे कायद्याच्या जन्मकथेतच दिसते. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या, त्या दुष्काळी कामांच्या हजेरीपटांवर. गावासमोर एकेक नाव वाचले जाई आणि मेलेल्या माणसाच्या नावाने उचललेली मजुरी उघडी पडे. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मस्टरवर काम केलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही. नावाशिवाय हजेरीपट तपासता येत नाही. रेशनची यादी, घरकुलाची यादी, पीकविम्याची यादी यांचेही तसेच. ही नावे ‘वैयक्तिक’ म्हणून झाकली, तर खासगीपणा मजुराचा जपला जाणार नाही, त्याच्या नावावर पैसे उचलणाऱ्याचा जपला जाईल.

आपल्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात स्वीडनकडे नसलेली एक धारदार गोष्ट आहे. माहिती विनाकारण न देणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड. इथल्या मित्रांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना खरे वाटत नाही. कागदावर आपण मागे नव्हतो आणि न्यायालयातही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे योजना रद्द केली, ती मतदाराचा माहितीचा हक्क घटनेच्या कलम १९(१)(अ) मध्ये आहे याच आधारावर. पक्षाला पैसे देणाऱ्याचे नाव तिथे वैयक्तिक मानले गेले नाही.

कलम ८(१)(ञ) ची जुनी भाषा परत आणावी, ही मागणी देशातल्या अनेक संघटना करत आहेत आणि ती मला पूर्ण मान्य आहे. माझी भर एवढीच की तिच्यासोबत आणखी दोन मागण्या याव्यात. अर्जदाराचे नाव आणि पत्ता माहिती अधिकाऱ्यापलीकडे कोणालाही कळवणे हा दंडनीय अपराध ठरावा. आणि कलम ४ खाली स्वतःहून माहिती उघड करण्याची जी जबाबदारी आहे, तिच्यात प्रत्येक कार्यालयाची आवक-जावक नोंदवही संकेतस्थळावर ठेवणे सक्तीचे व्हावे. कागद पाहण्यासाठी सोमवारी दुपारी तीन ते पाच कार्यालये खुली ठेवण्याचा आदेश महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये काढला होता. मामा त्या वेळेत पंचायत समितीत जाऊनही आले. त्यांना विचारण्यात आले, “कोणता कागद पाहिजे, त्याचा जावक क्रमांक सांगा.” तो क्रमांक ज्या नोंदवहीत होता, ती वही मात्र त्यांना पाहायला मिळाली नाही.