क्लचची चूक आमची; काळ्या ऑईलबद्दल मात्र ऐका

नमस्कार दादा,

काल रात्री शटर ओढल्यावर तुमच्या बाईकच्या कामाबद्दल आमच्या गॅरेजला दिलेला तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार आणि तुमच्या तीन तक्रारी: आम्ही दर २००० किलोमीटरला ऑईल बदलायला लावून पैसे काढतो. जुलैत टाकलेलं ऑईल पाचशे किलोमीटरमध्ये काळं पडलं, म्हणजे ते डुप्लिकेट होतं. आणि सप्टेंबरात ऑईल बदलल्यापासून क्लच स्लिप होतोय. नवरात्रात सप्तशृंगी गडाचा घाट चढताना वहिनींना उतरून चालावं लागलं. आज सकाळी तुमची दोन्ही जॉबकार्डं काढली, पोरांना समोर बसवून विचारलं आणि मगच लिहायला घेतलं.

शेवटची तक्रार आधी घेतो. ती खरी आहे आणि चूक आमची आहे.

सप्टेंबरात तुम्ही कारचं उरलेलं ऑईल घेऊन आलात. ५डब्ल्यू-३०, फुल सिंथेटिक, नावाजलेल्या कंपनीचं. मी पार्ट आणायला बाहेर गेलो होतो. पोरानं बाटलीचं पुढचं लेबल पाहिलं, भारीतलं ऑईल आहे म्हणाला आणि ओतलं. बाटली फिरवून मागची बाजू वाचली नाही. ती तुम्ही वाचायला हवी होती असं मी अजिबात म्हणणार नाही. गिऱ्हाईक गॅरेजला येतं ते त्यासाठीच.

गिअरच्या साध्या कारमध्ये क्लच कोरडा असतो, इंजिन ऑईलच्या बाहेर. गिअरबॉक्सचं ऑईलही वेगळं. तुमच्या बाईकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना मिळून ते एकच लिटरभर ऑईल. क्लचच्या प्लेटा त्यातच भिजत फिरतात. कारच्या पातळ ऑईलमध्ये ऍव्हरेज वाढावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. कारच्या इंजिनाला त्याचा फायदाच होतो. पण क्लच गाडी ओढतो तो घर्षणाच्याच जोरावर. प्लेटांवर ती रसायनं बसली की तुम्ही गडावर जे अनुभवलंत तेच होतं: रेस द्यावी तसा आवाज चढतो, पण गाडी पुढे सरकत नाही.

म्हणून बाईकचं ऑईल घेताना बाटलीची मागची बाजू बघायची. तिथे बारीक अक्षरात 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलेलं असतं. हे जपानचं मानक आहे, आणि त्यासाठी ऑईलची चाचणीच ओल्या क्लचची पकड मोजून होते. 'जासो एमबी' असेल तर त्यात घर्षण कमी. ते स्कूटरला चालतं, कारण तिचा क्लच मागे बेल्टच्या बाजूला, कोरडा असतो. वहिनींच्या स्कूटरची उरलेली बाटलीसुद्धा या गाडीत ओतू नका. दोष सिंथेटिकचा नाही, हेही सांगतो. बाटलीवर एमए२ असेल आणि गाडीच्या पुस्तिकेतला ग्रेड (५डब्ल्यू-३० सारखा दाटपणाचा आकडा) जुळत असेल, तर फुल सिंथेटिक खुशाल घाला.

थंडी येतेय, पातळ ऑईल बरं, असंही तुम्ही लिहिलंय. नाशिकच्या थंडीचं मी कमी सांगणार नाही, निफाडकडचे आमचे गिऱ्हाईक जानेवारीत पहाटे पारा पाच-सहा अंशांवर आला की किक मारून मारून घामाघूम होतात. पण ग्रेडमधला पहिला आकडा आपल्या थंडीचा नाहीच. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. २०डब्ल्यू ऑईलमध्ये इंजिन फिरतं का, ही चाचणी शून्याखाली १५ अंशांवर घेतात. ५डब्ल्यूची शून्याखाली ३० वर. निफाडला दोन्ही पुरून उरतात. आपल्याकडे बघायचा तो दुसरा आकडा, कारण तो गरम इंजिनाचा आहे. १०० अंशांवर ३० नंबरच्या ऑईलचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, ५० नंबरचा १६.३ ते २१.९. म्हणजे जवळपास दुपटीचा फरक. तुमच्या पुस्तिकेत २०डब्ल्यू-५० लिहिलंय. एप्रिल-मे मध्ये ४० अंशांत, द्वारका सर्कलला जाममध्ये उभ्या असलेल्या, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला तो दाटपणा लागतो. ज्या गाडीच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० लिहिलंय तिला तेच घालायचं; दाट म्हणजे जास्त ताकदीचं असं नसतं.

आता काळ्या ऑईलचं. जुलैतलं ऑईल डुप्लिकेट नव्हतं. सील तुमच्यासमोर फोडलं होतं आणि रिकामा डबा तुमच्याच हातात दिला होता, जॉबकार्डावर तशी तुमची सही आहे. तरी तुम्हाला शंका आली ती स्वाभाविक आहे, कारण मधासारखं दिसणारं ऑईल पंधरा दिवसांत डांबरासारखं दिसायला लागतं. पण चांगल्या ऑईलमध्ये साबणासारखी द्रव्यं असतात. पिस्टनवर, खाचांत बसलेली काजळी ती सोडवतात आणि स्वतःत धरून ठेवतात, खाली बसू देत नाहीत. त्यात ड्रेन बोल्ट काढल्यावर जुनं ऑईल सगळं कधीच निघत नाही. म्हणून तर पुस्तिकेत दोन मापं असतात: नुसतं बदलताना लागणारं आणि इंजिन खोलल्यावर लागणारं, दुसरं थोडं जास्त. ते शिल्लक राहिलेलं काळं नव्यात पहिल्या दिवशीच मिसळतं. तुमची गाडी नऊ वर्षांची आहे, आतली काजळीही नऊ वर्षांची. ऑईल काळं झालं म्हणजे ते आत काम करतंय.

ऑईल काढताना आम्ही रंगावर जात नाही. दोन बोटांत घेऊन चोळतो: पाण्यासारखं सुटतंय का? वास घेतो: पेट्रोल येतंय का? ड्रेन बोल्टचं टोक फडक्यावर पुसून उन्हात धरतो. करडी पेस्ट थोडी असतेच, पण चकाकणारे कण किंवा तुकडा दिसला तर गाडी सोडत नाही. आणि ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. तुमच्या सप्टेंबरच्या जॉबकार्डावर यातलं काहीच लिहिलेलं नाही. त्या दिवशी ऑईल तपासलंच नव्हतं, असं पोरानं कबूल केलं.

हे सगळं जुलैतच तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही काळ्या ऑईलचा फोटो पाठवलात, आम्ही 'काही होत नाही' एवढं उत्तर दिलं. तुमचा विश्वास तिथेच उडाला आणि म्हणून तुम्ही स्वतःची बाटली घेऊन आलात. गडावरच्या त्रासाची सुरुवात त्या उत्तरापासून आहे, हे मला आज जॉबकार्डं शेजारी ठेवल्यावर दिसलं.

राहिलं २००० किलोमीटर. तुम्ही त्याला लूट म्हणालात. लुटायचा हेतू नव्हता, पण तो आकडा तुमच्या गाडीसाठी चुकीचाच आहे. माझ्या उस्तादांच्या काळापासून आम्ही प्रत्येक टाकीवर तोच स्टिकर चिकटवत आलो, गाडी कोणती आणि कशी चालते ते न विचारता. तुमच्या पुस्तिकेत ५००० लिहिलंय. तुम्ही रोज मोहदरी घाटातून सिन्नरच्या एमआयडीसीला जाता, जाऊन-येऊन पन्नास-साठ किलोमीटर, एका चालीत. इंजिन पूर्ण तापतं, आत साचलेली वाफ आणि पेट्रोल उडून जातं. ऑईलला असं रनिंग सोसतं. तुम्ही ५००० पर्यंत बिनधास्त जा.

याउलट आमच्या सिडकोतून अंबडला दोन किलोमीटरवर कामाला जाणारी गाडी. वर्षात तीन हजारही होत नाही, म्हणून मालक म्हणतो ऑईल नवंच आहे. पण तिचं इंजिन एकदाही धड तापत नाही, थंडीत तर नाहीच. पाणी आणि पेट्रोल ऑईलमध्ये साचत जातं. तिला किलोमीटर मोजून भागत नाही, सहा महिन्यांनी बदलावंच लागतं. दिवसभर गंगापूर रोडला डिलिव्हरी करणारी पोरं, द्राक्षांच्या सीझनला मळ्याच्या धुळीतून क्रेट वाहणाऱ्या गाड्या, यांनाही ५००० ची वाट बघू देत नाही. आजपासून तो छापील स्टिकर बंद केलाय. आता आकडा हातानं लिहितो, रनिंग विचारून.

५००० पर्यंत जायचं तर मधे ऑईलची पातळी तुम्हीच बघायची, महिन्यातून दोनदा. गाडी डबल स्टँडवर, सपाट जागी. साईड स्टँडवर हमखास चुकीचं दिसतं. दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, बंद करून तेवढंच थांबा, ऑईल मोजायची पट्टी पुसून परत घाला. पट्टी आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, ते पुस्तिकेत दिलेलं असतं आणि त्यानं फरक पडतो. दोन खुणांच्या मधे असेल तर ठीक. वरच्या खुणेच्या वर कधीही भरू नका, जास्तीचं ऑईल एअर फिल्टरमध्ये येतं.

आता गाडीचं. सोमवार सोडून कधीही आणा. आधी क्लच केबल बघतो. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलीमीटर ढील नसेल तरी क्लच सरकतो, आणि ते दोन मिनिटांचं काम आहे. मग कारचं ऑईल काढून एमए मार्कचं २०डब्ल्यू-५० भरतो. दोनशे-तीनशे किलोमीटर चालवून परत आणा, तेही काढून पुन्हा नवं भरतो, कारण पहिल्या वेळेला सगळं निघत नाही. बहुतेक वेळा एवढ्यानं पकड परत येते. नाही आली तर क्लच खोलून प्लेटा बदलतो. दोन्ही वेळचं ऑईल, प्लेटा, मजुरी, कशाचंही बिल लावणार नाही. काढलेलं ऑईल आमच्याकडे बंद ड्रममध्ये साठतं आणि परवानाधारक रिसायकलवाल्याकडे जातं. सेंटरिंगच्या फळ्यांना लावायला मागणारे रोज येतात, त्यांना देत नाही.

तोवर मोहदरीत गाडी सरकायला लागली तर रेस वाढवू नका, प्लेटा जळतील. बाजूला घ्या आणि जॉबकार्डावरच्या नंबरला फोन करा, पोराला टेम्पो घेऊन पाठवतो. आणि येताना गाडीची पुस्तिका आणा. ऑईलचं पान उघडून त्या पोराला तुमच्यासमोर वाचायला लावणार आहे.