चष्मा मिळाला, पुढचं कोण बघणार?

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अधूनमधून एक व्हिडिओ फिरून येतो. मंच, बॅनर, हारतुरे. पाहुण्यांच्या हस्ते एका अंध विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर 'एआय चष्मा' चढवला जातो आणि खाली ओळ असते, 'आता अंधही पाहू शकणार!' की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, विज्ञानाची कमाल आहे, प्रत्येक अंध माणसाला असा चष्मा द्या. दुसरा म्हणतो, आधी फुटपाथवरची उघडी गटारं झाका, मग चष्म्यांचं बोला. जर्मनीत मारबुर्गला बसून मी हे वाचते तेव्हा दुसऱ्या तटाचा राग मला पटतो, पण त्याचा निष्कर्ष पटत नाही. फुटपाथ होईपर्यंत अंध विद्यार्थ्याने पुस्तक वाचायचं थांबायचं का? चष्मा द्यावाच. फक्त तो द्यायची आपली रीत बदलायला हवी.

मुळात हा चष्मा दृष्टी देत नाही. त्याच्या दांडीवर बारीक कॅमेरा असतो. तो समोरचा मजकूर टिपतो आणि कानाशी वाचून दाखवतो. नोट ओळखतो, ओळखीचा चेहरा सांगतो, खोलीत काय काय आहे त्याचं वर्णन करतो. इस्रायलच्या ऑरकॅमचं उपकरण साध्या चष्म्याला चुंबकाने चिकटतं आणि बोट दाखवाल तिथलं वाचतं. ज्यांना थोडंफार दिसतं त्यांच्यासाठीची जात वेगळी. कॅनडाच्या ई-साइटसारखे चष्मे समोरचं दृश्य मोठं करून डोळ्यांपुढच्या छोट्या पडद्यांवर आणतात. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही अंधत्व आणि अल्पदृष्टी या दोन वेगळ्या नोंदी आहेत, पण वाटपाच्या यादीत मात्र सगळ्यांना एकच डबा.

असा एक डबा माझ्या मावसभावाकडे आहे. दादाला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. आधी रातांधळेपणा आला, मग कडेची नजर गेली. आता नळीतून पाहावं तेवढं मधलं दिसतं. चष्मा एका संस्थेच्या कार्यक्रमात मिळाला. सुट्टीत गेले तेव्हा त्याने मला बस स्टॉपवर नेऊन दाखवलं. बस आली, त्याने मान स्थिर धरली, बटण दाबलं. चष्म्याने आधी बसच्या अंगावरची साडीची जाहिरात वाचली, मग खिडकीखालची सूचना. गावाच्या नावापर्यंत तो पोचला तेव्हा बस सुटली होती. 'अगं, घरात बरा चालतो,' दादा म्हणाला. घरात तो खरंच चालायचा. औषधाच्या पट्टीवरचं नाव, बँकेचं पत्र, विजेचं बिल, यांसाठी त्याला कुणाला हाक मारावी लागत नव्हती, आणि पन्नाशीतल्या माणसाला ही गोष्ट केवढी मोठी असते हे त्याच्या आवाजात कळत होतं. पुढे चार्जिंगची खाच सैल झाली. संस्थेने कंपनीचा नंबर दिला, कंपनीने संस्थेकडे पाठवलं. आता चष्मा कपाटात आहे.

मारबुर्गमध्ये पांढरी काठी रोज दिसते. अंध विद्यार्थ्यांसाठीची इथली संस्था, ब्लिस्टा, १९१६ मध्ये सुरू झाली. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या तरुणांना पुढे शिकता यावं हा तिचा पहिला उद्देश होता. त्यामुळे सिग्नलची टिकटिक, पायाला कळणाऱ्या उठावाच्या फरश्या आणि काठी टेकत वर्गाला निघालेली मुलं हे या गावात कुणाला वेगळं वाटत नाही. जुनं गाव तर डोंगरउतारावर आहे, दगडी आणि ओबडधोबड. म्हणजे रस्ते सपाट आहेत म्हणून ही मुलं फिरतात असं नाही. त्यांना फिरायला शिकवलेलं आहे. काठी कशी धरायची, जिन्याची कड कशी ओळखायची, रहदारीच्या आवाजावरून रस्ता कधी ओलांडायचा, हे सगळं मोबिलिटी ट्रेनर एकेका माणसासोबत चालून शिकवतो.

माझ्या ऑफिसातली एक अंध सहकारी असंच वाचन-उपकरण वापरते. ते तिला मिळालं आरोग्य विम्याकडून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. किंमत काही हजार युरो, तिच्या खिशातून गेले जास्तीत जास्त दहा. घरी ही गोष्ट सांगितली की सगळे किमतीपाशीच अडकतात, 'तुमच्याकडे पैसा आहे बाई' म्हणतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जर्मनीच्या सामाजिक कायद्याच्या पाचव्या खंडातलं कलम ३३ सहायक साधनांचा हक्क देतं आणि त्याच हक्कात दुरुस्ती, बदली साधन आणि वापराचं शिक्षण यांचाही समावेश करतं. ते उपकरण बिघडलं की तिला कुणाच्या ओळखीची गरज लागत नाही. आणि ते मिळालं तेव्हा कुणी फोटो काढला नव्हता.

इथे सगळं गोड आहे असं मात्र मी म्हणणार नाही. विमा कंपन्या अर्ज नाकारतात, मग महिनाभरात हरकत नोंदवायची, पुन्हा कागदपत्रं जोडायची. जो कागदांशी झुंजू शकत नाही तो मागे पडतो. दुकानातली कार्ड मशीन बटणांऐवजी गुळगुळीत पडद्यांची झाली आणि स्वतःचा पिन स्वतः दाबणं अवघड झालं. २०१९ पासून भाड्याच्या ई-स्कूटर आल्या. त्या फुटपाथवर आडव्या टाकलेल्या असतात आणि अंध माणसं त्यांना अडखळून पडतात. कॅमेऱ्याचा चष्मा कितीही हुशार असला तरी पायातल्या स्कूटरसाठी भरवसा काठीचाच. इथले अनुभवी वापरकर्ते हेच सांगतात: चष्मा वाचायला, काठी चालायला.

सगळं चष्म्यातच असावं लागतं असंही नाही. इथल्याच, जर्मनीतल्या ओस्नाब्रुक गावच्या संशोधकांनी कंबरेचा एक पट्टा केला. त्यात भोवताली बारीक मोटारी असतात आणि उत्तरेकडे तोंड असलेली मोटार थरथरत राहते. माणूस वळला की थरथर कंबरेवरून सरकते. मोठ्या मोकळ्या चौकात, जिथे काठीला कडच सापडत नाही, तिथे सरळ रेषेत चालता येतं. कान मोकळे राहतात, आणि अंध माणसाला रस्त्यावर कान किती लागतात हे वेगळं सांगायला नको. आपल्या आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन याच विचाराची आहे. काठीला लावायचं हे यंत्र २०१४ मध्ये बाजारात आलं. काठी जमिनीवरचं शोधते, पण कमरेच्या वर आडवी आलेली फांदी किंवा ट्रकचा मागचा भाग तिला सापडत नाही. स्मार्टकेन ध्वनिलहरींनी तो ओळखते आणि मूठ थरथरते. ती बनवताना अंध वापरकर्त्यांना सोबत घेतलं होतं. अशी साधी, स्वस्त, नेमकी वस्तू आपण करू शकतो याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पाठीशी कुणी नसेल तर काय होतं याचं सर्वांत क्रूर उदाहरण अमेरिकेतलं आहे. सेकंड साइट या कंपनीने 'आर्गस २' हे कृत्रिम दृष्टिपटल बनवलं. चष्म्यातला कॅमेरा डोळ्याच्या आत बसवलेल्या इलेक्ट्रोडना संकेत पाठवायचा. २०१३ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी शस्त्रक्रिया करून घेतली. २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं, पुढच्या वर्षी तिचं दिवाळंच निघायची वेळ आली. यंत्र डोळ्यात, आणि दुरुस्तीला कुणी नाही. दादाच्या कपाटातल्या चष्म्याचं दुखणं याच जातीचं आहे, फक्त तो काढून ठेवता येतो एवढंच.

म्हणून मला वाटतं, घरच्या वादात 'चष्मा की फुटपाथ' हा प्रश्न सोडून द्यावा. फुटपाथ मागायला कायदा आता भक्कम आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं बजावलं. ती लढाई एका दृष्टिबाधित नागरिकानेच लढली. साधनांसाठी केंद्राची एडिप योजना १९८१ पासून आहे. महाराष्ट्रात २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. वर्षअखेरीला तो निधी कसाबसा संपवायची घाई होते आणि एकगठ्ठा खरेदी करून वाटप होतं.

त्या पाच टक्क्यांतून तालुक्याला एक मोबिलिटी ट्रेनर नेमता येईल. जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रात सुटे भाग आणि दुरुस्तीचं एक टेबल मांडता येईल. खरेदीच्या निविदेत पाच वर्षांची दुरुस्ती, सुटं मिळणारं चार्जर आणि मराठी नीट वाचणारा मराठी आवाज या अटी घालता येतील. आज कित्येक उपकरणं हिंदी आवाजात मराठी वाचतात आणि ऐकणाऱ्याला अर्धं वाक्य अंदाजाने जुळवावं लागतं. वस्तू घेण्याआधी ती चार अंध माणसांना महिनाभर वापरायला द्यावी, त्यातल्या दोघांना खरेदी समितीत बसवावं. ज्याचं काम मोबाइलवरच्या टॉकबॅकने, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या सोयीने, भागतं त्याला चष्मा देऊच नये, त्या पैशात त्याला चांगला फोन आणि तो शिकवणारा माणूस द्यावा. दादाला आज नवा चष्मा नकोच आहे. त्याला ती सैल झालेली खाच डाखून हवी आहे, आणि ते काम आपल्या कोणत्याही जिल्ह्याच्या गावात मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा अर्ध्या तासात करू शकतो, फक्त सुटा भाग त्याच्या हाताशी यायला हवा.