हुंकार मरत नाही, मारला जातो : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शब्द न बोलता, नुसत्या हुंकाराने, ‘स्स्स’ने किंवा फुंकरीने संगणकावरचे खेळ चालवण्याबद्दलचा माझा लेख वाचून तुम्ही प्रयोगही करून पाहिलात, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. तुमचे आक्षेप तीन. यंत्राला आता बोललेलं नीट कळतं, मग ‘ऊं’, ‘स्स्स’ आणि फुंकरीवर एखाद्या संशोधकाने वर्षानुवर्षं का घालवावीत? ज्या चाचण्यांचा दाखला मी दिला त्यांत माणसं फारच थोडी होती. आणि ब्राउझरमध्ये करून पाहिलं तर तुमचा हुंकार दोनेक सेकंदांत ‘मरतो’ आणि पडद्यावरचा चेंडू मध्येच थांबतो.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

माइक उघडताना ब्राउझर सहसा तीन गोष्टी आपणहून चालू करतो : प्रतिध्वनी काढणं, गोंगाट दाबणं आणि आवाजाची पातळी एकसारखी ठेवणं. यातलं गोंगाट दाबणं बोलण्याच्या हिशेबाने बेतलेलं असतं. बोलणं क्षणाक्षणाला बदलतं, पंख्याची घरघर बदलत नाही. तुम्ही एका सुरात ‘ऊं’ धरून ठेवलात की त्या प्रक्रियेच्या लेखी तुम्ही पंखाच. ‘स्स्स’ तर तिला निव्वळ खरखर वाटते. पातळी सारखी करणारी प्रक्रिया हळू आवाज वर उचलते आणि मोठा खाली दाबते, त्यामुळे आवाजाच्या जोरावर वेग ठरवला असेल तर तो हिशेबच कोलमडतो. ब्राउझरकडे माइक मागणाऱ्या ‘गेटयूजरमीडिया’ या आज्ञेला ऑडिओच्या अटी देताना ‘इकोकॅन्सलेशन’, ‘नॉइजसप्रेशन’ आणि ‘ऑटोगेनकंट्रोल’ ही तिन्ही ‘फॉल्स’, म्हणजे बंद, करा. मग खेळाचा स्वतःचा आवाज माइकमध्ये शिरेल, म्हणजे हेडफोन आलाच. हे मूळ लेखात लिहायला हवं होतं, ती चूक माझी.

आता पाहा, बोलणं ओळखण्यासाठी जे जे सुधारलं, तेच हुंकाराच्या मुळावर येतं. बोलण्याशिवायचा आवाज ही बोलण्याची कच्ची आवृत्ती नाही, ते वेगळंच माध्यम आहे. ‘उजवीकडे’ हा शब्द पुरा होऊन ओळखला जाईपर्यंत खेळातला चेंडू भिंतीवर आदळलेला असतो. शिवाय तो शब्द दिशा सांगतो. किती वेगाने आणि कुठवर, हे सांगत नाही. धरलेला सूर ते सांगतो : सूर आहे तोवर हालचाल, सूर थांबला की थांबणं. इगाराशी आणि ह्यूज या संशोधकांनी 2001 मध्ये नेमकं हेच मांडलं. आवाज चालू असेपर्यंत पान सरकतं, पट्टी चढवली की वेग वाढतो आणि ‘ता-ता-ता’ म्हटलं की तीन पायऱ्या.

अशाच आवाजांवर चालणारे खेळ घडवणाऱ्या संशोधक समाआ अल हाशिमी यांच्या कामाला तुम्ही ‘खेळणी’ म्हणता. मिडलसेक्स विद्यापीठातल्या त्यांच्या संशोधनातला ‘स्स्सस्नेक’ हा खेळ जवळून पाहा. टेबलावर प्रक्षेपित केलेला साप, एक खरं नाणं आणि चार बाजूंना चार माइक. एक खेळाडू ‘स्स्स’ करतो, साप त्या माइककडे सरकतो. दुसरा ‘आऽऽ’ करतो, नाणं त्या माइकपासून दूर पळतं. म्हणजे दिशा गळ्याने ठरत नाही, पायांनी ठरते. खेळाडू टेबलाभोवती धावतात. ‘स्स्स’मध्ये स्वरतंतू कंप पावत नाहीत, ‘आ’मध्ये पावतात, त्यामुळे हे दोन आवाज वेगळे काढणं सोपं जातं आणि सुरात गाता येण्याची अट उरत नाही. ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. त्यांच्याच ‘ब्लोटर’मध्ये प्लॉटरचं, म्हणजे कागदावर रेघा काढणाऱ्या यंत्राचं, पेन फुंकरीने हलतं. फुंकरीसाठी माइकवरचं स्पंज काढावं लागतं, हुंकारासाठी तेच स्पंज लागतं. इतक्या बारीकसारीक गोष्टींवर हे सगळं उभं असतं.

तुमच्या कोडमधली दुसरी अडचण विंडोची, म्हणजे सूर मोजायला एका वेळी घेतलेल्या आवाजाच्या तुकड्याची, आहे. सेकंदाला 44,100 नमुने असताना 1,024 नमुन्यांची विंडो 23 मिलिसेकंदांची होते. 80 हर्ट्झच्या खर्जातल्या हुंकाराचं एक आवर्तन 12.5 मिलिसेकंदांचं असतं आणि सूर मोजायला निदान दोन आवर्तनं हवीत, म्हणजे 25. तेवढ्यासाठी तुमचा सूर थरथरतो. 2,048 घ्या आणि दर वेळी 512 ने पुढे सरका. साधारण 12 मिलिसेकंदांनी नवा आकडा मिळेल. साधा ऑटोकोरिलेशन, म्हणजे आवाजाची स्वतःशीच तुलना करून सूर शोधण्याची पद्धत, अधूनमधून एक सप्तक उडी मारतो. 2002 मधली द शेव्हेन्ये आणि कावाहारा यांची ‘यिन’ पद्धत ती चूक बरीच कमी करते. वर शेवटच्या पाच आकड्यांतला मधला घ्या.

हर्ट्झ थेट वापरू नका, अर्धस्वरांत, म्हणजे सप्तकाच्या बाराव्या भागांत, बदला. 100 ते 200 आणि 200 ते 400 ही कानाला सारखीच, बारा अर्धस्वरांची झेप आहे. ज्याच्यापासून चढ-उतार मोजायचा तो आधारस्वर प्रत्येक हुंकाराचा स्वतःचा ठेवा, पण पहिले 100 मिलिसेकंद सोडून, कारण सुरुवातीला सूर घसरत घसरत जागेवर येतो. एका अर्धस्वराच्या आतली हालचाल शून्य धरा. आणि ‘सुरू’ व ‘बंद’ यांची पातळी एकच ठेवू नका : खोलीच्या शांततेपेक्षा 12 डेसिबल वर गेल्यावर सुरू, 6 वर उतरल्यावर बंद. नाहीतर श्वास कमी पडताना चेंडू फडफडतो.

चाचण्यांबद्दलचा तुमचा मुद्दा रास्त आहे. संशोधक स्पोर्का आणि सहकाऱ्यांच्या 2006 च्या, टेट्रिस हा पडत्या ठोकळ्यांचा खेळ आवाजाने चालवण्याच्या अभ्यासात आधी 7 आणि मग 12 माणसं होती. वेळ आणि अचूकता दोन्हींत हुंकार बोलण्याच्या पुढे गेला, विशेषतः ठोकळा लांब सरकवताना आणि अवघड पातळ्यांवर. पण हुंकाराला सराव जास्त लागला, हेही त्यांनी नोंदवलं आहे. बारा जणांवरून सगळ्यांबद्दल बोलता येत नाही. मात्र हात न वापरू शकणाऱ्या माणसासाठी सरासरीपेक्षा त्याच्या स्वतःच्या गळ्याला काय जमतं हे महत्त्वाचं, आणि ते मोजायला एक माणूसही पुरतो.

तुम्ही न विचारलेला, पण मला जास्त छळणारा प्रश्न थकव्याचा आहे. जोरावर चालणारा खेळ माणसाला ओरडायला लावतो. त्यात मोकळ्या जागेत माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो, म्हणजे मागे सरकलेला माणूस आणखी ओरडणार. म्हणून जोराऐवजी पट्टी वापरावी, तीही सहज जमणाऱ्या पाच-सात अर्धस्वरांत, आणि तीन-चार सेकंदांहून लांब सूर कुठेच मागू नये.

तिन्ही सेटिंग बंद करूनही हुंकार मरत असेल, तर ब्लूटूथ हेडसेट काढून तारेचा लावून पाहा. बरेच ब्लूटूथ हेडसेट माइक चालू होताच फोनकॉलच्या दर्जावर उतरतात. सेकंदाला 8,000 नमुने उरले तर 4,000 हर्ट्झच्या वरचं सगळं जातं, आणि ‘स्स्स’चा बहुतेक जोर तिथेच असतो. तरीही तसंच झालं, तर संगणकाच्या ध्वनी-सेटिंगमध्ये माइकची वेगळी ‘सुधारणा’ चालू आहे का ते तपासा आणि इथेच कळवा.