ट्रेलर न पाहता अभिप्राय कसा द्यावा

मालवण-देवगडच्या किनाऱ्यावरील रापणीविषयी, म्हणजे जाळे दोरांनी किनाऱ्याकडे ओढून करायच्या पारंपरिक मासेमारीविषयी, आम्ही केलेल्या माहितीपटाचा ट्रेलर नुकताच सर्वांसाठी खुला केला आणि सोबत 'मोकळेपणाने अभिप्राय कळवा' अशी विनंतीही केली. ती इतक्या जणांनी इतकी मनावर घेतली की, त्यांच्या कौशल्याचा लाभ इतरांनाही व्हावा म्हणून हे शास्त्र येथे मांडून ठेवत आहे. उद्या आपल्या परिचयातील कोणी स्वतंत्र माहितीपट काढला, म्हणजे घरातली बचत मोडून काढला, तर ते आपल्या उपयोगी पडेल.

पहिला नियम असा की, ट्रेलर पाहू नये. दुवा येताच एक अंगठा, दोन टाळ्या आणि 'खूप छान, पुढील वाटचालीस शुभेच्छा' एवढे पाठवून मोकळे व्हावे. ट्रेलर अडीच मिनिटांचा आणि आपले कौतुक दहाव्या सेकंदाला हजर, यात संकोच वाटण्याचे कारण नाही. कोणत्या क्षणी किती प्रेक्षक उठून गेले याचा आलेख यूट्यूब निर्मात्याला दाखवते, हे खरे आहे. परंतु त्यात कोणाचे नाव येत नाही, तेव्हा निश्चिंत असावे.

पाहिलाच, तर आपला गाव का दाखवला नाही, एवढेच विचारावे.

मच्छीमार मालवणीत बोलतो आणि खाली प्रमाण मराठीत उपशीर्षके आहेत, हे दिसत असूनही 'त्यांना जरा शुद्ध बोलायला सांगायचे होते' असे सुचवण्यास विसरू नये.

पैशांचा प्रश्न अवश्य काढावा. 'अनुदान किती मिळाले?' येथून आरंभ करावा आणि 'मिळाले नाही' असे उत्तर आल्यास 'मग यामागे नक्की कोण आहे?' असे हलक्या आवाजात विचारावे. आपण पर्ससीनवाल्यांच्या, म्हणजे बोटीतून मोठे जाळे टाकून माशांचा थवाच घेरणाऱ्यांच्या, बाजूचे असाल, तर रापणकरांनी पैसे पुरवले असे धरून चालावे. रापणकरांच्या बाजूचे असाल, तर पर्ससीनवाल्याची मुलाखत घेतली याचाच अर्थ तिकडून पाकीट आले, असा निष्कर्ष काढावा.

त्यानंतर संपूर्ण माहितीपट यूट्यूबवर फुकट कधी टाकणार, असे विचारावे. अनेक महोत्सवांना आधी कोठेही जाहीरपणे न दाखवलेली कलाकृती हवी असते, हे ऐकून घेऊ नये. 1948 साली स्थापन झालेले फिल्म्स डिव्हिजन, म्हणजे माहितीपट काढणारे सरकारी खाते, 2022 मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाले. एके काळी त्याचे माहितीपट चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी सक्तीने दाखवले जात आणि आपण तेवढ्या वेळात बाहेर वडा खाऊन येत असू. ती परंपरा आपण निष्ठेने पाळत आहोत.

आता प्रगत अभ्यासकांसाठी. अभिप्राय शब्दांत देण्यापेक्षा करून दाखवावा. एका पर्यटन व्यावसायिकाने आमच्या ट्रेलरमधील वीस सेकंद कापून घेतले, त्याला नाचाचे गाणे जोडले, वर 'ताजी मासळी, एसी खोल्या, स्वर्ग कोकण' अशी अक्षरे झळकवली आणि ती रील आम्हालाच पाठवून खाली लिहिले की, 'बघा, असे पॉझिटिव्ह करायला हवे होते. रडगाणे कोण बघतो?' त्याने निवडलेले दृश्य असे आहे. दोन्ही दोरांना माणसे लागली आहेत, म्हातारे आहेत, शाळेतली पोरे आहेत, सगळी रेटून मागे सरत आहेत आणि जाळे हळूहळू किनाऱ्याला लागत आहे. त्यापुढच्याच क्षणाला आमच्या ट्रेलरमध्ये जाळे उघडते. त्यात मूठभर पेडवे मासे असतात, बाकी प्लास्टिक असते, आणि वाटे घालण्यासाठी बसलेली माणसे न बोलता उठून जातात. या गृहस्थाने नेमकी जाळे उघडण्याआधी कात्री चालवली. म्हणजे त्याने ट्रेलर पाहिला होता, शेवटपर्यंत पाहिला होता आणि त्याला तो समजलाही होता! सागरी मासेमारीचा राज्याचा कायदा 1981 चा, पर्ससीनवर निर्बंध घालणारा शासन आदेश 2016 चा, एलईडी दिव्यांनी मासे खेचून करायच्या मासेमारीवर केंद्राची बंदी 2017 ची, आणि तरीही रात्री किनाऱ्यावरून समुद्रात दिव्यांची रांग कशी दिसते, एवढा साधा प्रश्न त्या रिकाम्या जाळ्यात आहे. तो प्रश्न कापला आणि उरलेल्या माणसांच्या घामावर खोलीचे भाडे लिहिले. वर हा अभिप्राय! त्या रीलला आमच्या ट्रेलरपेक्षा कितीतरी जास्त प्रेक्षक मिळाले, आणि 'आमचे सुंदर कोकण' म्हणत ती पुढे धाडणाऱ्यांत आम्हाला शुभेच्छा देणारी बरीच मंडळी होती.

आता उपरोध पुरे. तुम्ही पाहत नाही आणि तरी बोलता, ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे. आम्हाला कौतुक नको होते. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात रापणकराचा आवाज तुमच्या फोनवर नीट ऐकू येतो का, पुण्या-नागपुरात बसलेल्या माणसाला पर्ससीन म्हणजे काय ते कळते का, उपशीर्षके वाचून होण्याआधीच निघून जातात का, हे आम्हाला जाणून घ्यायचे होते, कारण अंतिम संकलन अजून बाकी आहे आणि हे सर्व दुरुस्त करता येते. कंटाळा आला असेल तर तसे लिहा आणि कोठे आला तेही लिहा. त्याचा आम्हाला उपयोग आहे. वेळ नसेल तर पाहू नका, त्याचा राग नाही, पण मग गप्प बसा. अडीच मिनिटे देता येत नाहीत, आणि आमच्यामागे कोण आहे याची चौकशी करायला संबंध संध्याकाळ मिळते?

आणि ती रील आजच काढून टाका. चित्रीकरण आमचे आहे, आणि त्या दोराला लागलेल्या माणसांनी आमच्या माहितीपटासाठी होकार दिला होता, तुमच्या खोल्यांच्या जाहिरातीसाठी नव्हे.