गुडघे दाबून खुबा मोकळा होत नाही

‘घोडेस्वारांसाठी कोल्हापूरच्या पैलवानांची गुप्त पद्धत : ७ दिवसांत जांघ मोकळी, पाठ ताठ!’ असा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. मुलांना घोडेस्वारीला पाठवणाऱ्या पालकांच्या ग्रुपवरून तो माझ्या भावापर्यंत आला, आणि भावानं तो नुसता वाचून सोडून दिला नाही. भाचीला तिच्या सरांनी ‘खुबे आखडलेत, मांड बसत नाही’, म्हणजे खोगिरावरची बैठक जमत नाही, असं सांगितलं होतं. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ती सतरंजीवर पावलं जुळवून फुलपाखरासारखी बसली होती आणि हा तिच्या दोन्ही गुडघ्यांवर हात रोवून अंगाचा भार टाकत होता. पोरीच्या डोळ्यांत पाणी. “अगं ताई, दुखलं तरच सुटतंय, असं लिहिलंय त्यात,” हे वर मलाच ऐकवलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि घोड्यावरही बसते. म्हणून हे गप्प बसून सोडणं मला जमणार नाही.

मेसेजमध्ये सात मुद्दे आहेत. फुलपाखरू आसनात जोडीदारानं गुडघे जमिनीला टेकेपर्यंत दाबावेत, जमलं तर मांड्यांवर उभं राहावं. रोज तीन वेळा, प्रत्येक वेळी पाच मिनिटं, दुखेपर्यंत ताणावं. सात दिवसांत फरक दिसतो. गुडघ्यांत चेंडू धरून रोज २०० वेळा दाबावा. घोड्यावर आणि घरातही छाती पुढे, कंबर आत, खांदे मागे ठेवावेत. दिवसभर बसल्यामुळेच हे सगळं होतं, आपल्या मावळ्यांना कधी असा त्रास झाला का? आणि शेवटी एक कंबरपट्टा, विकत घ्यायच्या लिंकसकट.

पहिल्या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण बाकीच्यांनी वेळ वाया जाईल, याच्यानं मूल जायबंदी होईल.

खुबा म्हणजे खोबणीत बसलेला हाडाचा गोळा. मांडी बाहेर किती वळेल हे भोवतीच्या स्नायूंवर अवलंबून असतं, तसंच हाडांच्या घडणीवरही. खोबण कुणाची खोल असते, कुणाची उथळ. कुणाची जरा पुढे तोंड करून असते, कुणाची बाजूला. मांडीच्या हाडाची मानही प्रत्येकाची सारख्या कोनात वळलेली नसते. स्नायू काही आठवड्यांत सैल करता येतो. हाडाची घडण दाबून बदलत नाही. काही मुलांचे गुडघे त्या आसनात जन्मात जमिनीला टेकणार नाहीत आणि तरीही ती उत्तम स्वार होतील.

गोळा खोबणीच्या काठाला टेकला की पुढे जायला जागा उरत नाही. त्यानंतरही जोर लावला तर तो जोर कुठेतरी जातोच. खोबणीच्या काठावर कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, एक कडा असते, ती चिमटते. जांघेतले स्नायू हाडाला जिथे चिकटतात तिथे ओढ बसते. नाहीतर गुडघा पिळला जातो. मांडीचं हाड शरीरातलं सगळ्यात लांब हाड आहे. त्याच्या टोकावर वजन टाकणं म्हणजे पहारीच्या टोकावर जोर देणं. हाताला थोडाच भार वाटतो, पण खुब्यापाशी तो कितीतरी पटींनी पोहोचतो.

आता मुलांचं. वाढत्या वयात मांडीच्या हाडाचा गोळा आणि मान यांच्यामध्ये वाढीची कूर्चा असते आणि ती हाडाइतकी पक्की नसते. साधारण १० ते १६ या वयात काही मुलांमध्ये गोळा त्या रेषेवरून घसरतो. मूल थोडं लंगडतं, पाऊल बाहेर वळवून चालतं, खुबा आतल्या बाजूला वळत नाही. आणि फसवणारी गोष्ट अशी की कित्येकदा दुखतं मांडीत किंवा गुडघ्यात. खुब्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. वेळेत एक्स-रे काढला तर स्क्रू घालून गोळा आहे तिथे धरता येतो. उशीर झाला किंवा घसरण अचानक वाढली तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि मग ते दुखणं आयुष्यभराचं. अशा मुलाला घरात बघणारा माणूस काय म्हणेल? ‘खुबा आखडलाय.’ आणि हा मेसेज त्याच्या हातात काय देतो? ‘दाबा.’

माझ्या भाचीला तसलं काही नाही, मी तिला तिथेच तपासलं. पण ज्या घरांत तपासणारं कुणी नाही, तिथेही हा मेसेज गेलाय. मूल लंगडत असेल, रात्री दुखण्यानं उठत असेल किंवा एकाच बाजूचा खुबा आखडला असेल, तर व्यायाम बंद आणि आधी हाडांच्या डॉक्टरांकडे. सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवा, खासगीत दाखवा, पण आधी एक्स-रे.

‘पैलवानांची गुप्त पद्धत’ या शब्दांचा तर मला संताप आला. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचं कुस्तीचं मैदान उभं केलं त्या गावात आपण राहतो. इथे गल्लोगल्ली तालमी आहेत, कुस्तीत गुप्त असं काय आहे? माझ्याकडे तालमीतली पोरं येतात. त्यांची मालिश होते, मांडीचा पट तेल लावून रगडला जातो, तोही जोर-बैठका मारून अंग तापल्यावर, वस्तादाच्या नजरेसमोर. थंड अंगानं बसलेल्या पोराच्या मांड्यांवर उभं राहा असं कुठला वस्ताद सांगतो, ते मला दाखवाच. आमच्या तालमींचं नाव लावून कुणीही काहीही खपवावं का?

पाच मिनिटं, रोज तीन वेळा, दुखेपर्यंत, आणि सात दिवसांत निकाल. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेनं २०११ मध्ये व्यायामाच्या प्रमाणाबद्दल सविस्तर मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. जगभरचे फिजिओ त्यावर काम करतात. त्यात ताणण्याच्या व्यायामांबद्दल काय आहे? आठवड्यात किमान २ ते ३ दिवस. प्रौढांनी प्रत्येक ताण १० ते ३० सेकंद धरायचा आणि पुन्हा पुन्हा करून एका व्यायामाला एकूण ६० सेकंद भरायचे. अंग आधी तापलेलं हवं. ताण कुठवर न्यायचा? ओढ किंवा किंचित अस्वस्थपणा जाणवेल तिथवर. दुखेपर्यंत नाही. आणि सांध्याची हालचाल टिकाऊपणे वाढायला साधारण ३ ते ४ आठवडे नियमित करावं लागतं. सात दिवसांत जे सुटल्यासारखं वाटतं ते बहुतेक वेळा ताण सहन करायची सवय झालेली असते. भावाला मी हेच दाखवलं, तेव्हा कुठे त्याचे हात थांबले.

शिवाय मेसेजनं जागाच चुकीची पकडलीय. स्वाराला मांडी बाहेर फाकवावी लागते हे खरं, पण खोगिरावर त्याहून जास्त गरज असते ती मांडी खुब्यातून खाली, लांब सोडायची. कान, खांदा, खुबा आणि टाच एका उभ्या रेषेत यावेत, असं प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. त्या रेषेत पाय खाली जात नाही तो बहुतेकांच्या बाबतीत जांघेच्या पुढच्या बाजूमुळे. तिथे कमरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला जोडणारा एक खोल स्नायू आहे. तो आखडला की गुडघा वर सरकतो, कंबर पोकळ होते आणि स्वार खुर्चीत बसल्यासारखा दिसतो. फुलपाखरू आसनात बसून हा स्नायू ताणलाच जात नाही, कारण त्या आसनात खुबा दुमडलेलाच असतो.

चेंडूचा मुद्दा. जांघेतल्या स्नायूंत ताकद हवी, हे मान्य. पण ‘मांड लोखंडी होईल’ म्हणून दाबायचीच सवय लावली तर घोड्यावर काय होतं? गुडघ्यांनी आवळलं की बूड खोगिरातून वर उचललं जातं, पोटऱ्या मागे झुलतात, टाच वर येते. आणि घोड्याला पायाचा दाब म्हणजे ‘चल’ अशी खूण असते. घाबरलेलं पोर आवळतं, घोडा पुढे सुटतो, पोर आणखी आवळतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि पडलेलं पोरही उचललंय. मांड टिकते ती तोलानं. झेनोफॉन नावाच्या ग्रीक सेनानीनं इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात लिहून ठेवलंय की स्वारानं खुर्चीवर बसल्यासारखं न बसता पाय फाकवून उभं राहिल्यासारखं बसावं, गुडघ्याखालचा पाय सैल लोंबू द्यावा आणि कमरेच्या वरचं अंग होईल तितकं लवचीक ठेवावं. मांड्यांनी धरता येतं असं तोही म्हणतो, पण ते नीट बसल्यावर आपोआप येणारं धरणं आहे.

‘छाती पुढे, कंबर आत’ ही परेडच्या मैदानावरची शिस्त आहे. घोडा चालतो तेव्हा त्याची पाठ स्वाराच्या कटीला, म्हणजे खुब्यांमधल्या हाडांच्या कड्याला, पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवते आणि थोडी फिरवतेही. दुडक्या चालीत तर प्रत्येक पावलाला पाठ उसळते. ती उसळी कटी आणि कमरेनं झेलायची असते. छाती पुढे काढून कंबर आत ओढली की तोच भाग कुलूपबंद होतो. मग मागे उरतं आपटणं, घोड्याच्या पाठीवर आणि आपल्या मणक्यांवर. पोक काढून बसावं असं मी म्हणत नाहीये. बसायची दोन हाडं खाली टेकलेली, बरगड्या कटीच्या बरोबर वर, खांदे नुसते सैल. एवढं पुरतं.

आता जे थोडंफार खरं आहे ते सांगते, मनात नसलं तरी. दिवसभर बाकावर, मग क्लासला, मग मोबाइल घेऊन सोफ्यावर, अशानं जांघेची पुढची बाजू आखडते आणि नितंबाचे स्नायू आळसावतात, हे बरोबर आहे. उकिडवं बसणं आणि पूर्ण बैठक मारणं खुब्यासाठी चांगलं, हेही बरोबर. पण ‘त्यामुळेच होतं’ हे साफ चूक. कित्येकांचे खुबे जमिनीवर व्यवस्थित हलतात आणि घोड्यावर चढल्यावरच आखडतात, कारण पोर घाबरलेलं असतं. त्याला आपण कितीही ताणलं तरी काही होणार नाही. जाणत्या माणसानं लांब दोरीवर शांत घोडा फिरवायचा आणि पोरानं लगाम न धरता हात पसरून नुसतं बसायला शिकायचं, तेव्हा ते सुटतं. कधी रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, आखूड बांधलेली असते; दोन भोकं लांब केली की निम्मा खुबा मोकळा!

मावळ्यांचं काय सांगावं. स्वतःचा घोडा असलेले शिलेदार काय, सरकारी घोड्यावरचे बारगीर काय, लहानपणापासून डोंगर चढलेली, जमिनीवर उठबस केलेली माणसं. ती खुब्याला रोज सगळीकडून हलवत होती, तोच त्यांचा व्यायाम. त्यांची कंबर दुखत नव्हती हे कुणी लिहून ठेवलंय? पट्ट्याबद्दल एकच : स्नायूंनी करायचं काम पट्ट्याला दिलं तर स्नायू ते शिकणार नाहीत.

भाचीला मी जे दिलंय ते असं. ज्यांचं काही दुखत नाही त्यांनी जरूर करावं.

एक गुडघा घडी घातलेल्या चादरीवर टेकवायचा, दुसरं पाऊल पुढे. पुढे झुकायचं नाही. तिथेच सगळे चुकतात. माकडहाड आत घ्यायचं, मागच्या पायाचा नितंब आवळायचा, छाती सरळ. एवढ्यानंच जांघेच्या पुढे ओढ बसते. ३० सेकंद, दोन्ही बाजूंनी दोनदा.

उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलायची; उचलताना पाठ पोकळ होऊ द्यायची नाही, जोर नितंबात यायला हवा. मग कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, टाच जराशी मागे ठेवून सावकाश वर. हे दोन्ही दमेपर्यंत नको, आकार बिघडायच्या आधी थांबायचं.

कडक खुर्चीवर बसून, पाय जमिनीवर, बसायची हाडं शोधायची आणि त्यांच्यावरून कटी पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे लोळवायची. डोकं आणि छाती जागेवर. पहिल्यांदा बहुतेकांचे खांदेच हलतात. मला हा सगळ्यांत महत्त्वाचा व्यायाम वाटतो, कारण घोडा हेच मागतो. त्यानंतर एका पायावर उभं राहायचं, आधी डाव्या, मग उजव्या. ज्या पायावर तोल लवकर जातो त्या बाजूची रिकीब घोड्यावरही सुटते, असं माझ्याकडच्या बऱ्याच स्वारांमध्ये दिसलंय. त्या बाजूला एक फेरी जास्त.

आणि वेळ. स्वारीच्या अगदी आधी ताण धरून बसू नका. एका स्नायूला मिनिटभराहून जास्त ताणलं तर त्याची ताकद काही वेळ कमी होते, हे अभ्यासांतून दिसलंय. आधी पाच मिनिटं भरभर चालायचं, भिंत धरून पाय पुढे-मागे झुलवायचे आणि चढायचं. ताणायचे व्यायाम उतरल्यावर, घोड्याला चालवून, खरारा करून (ब्रशनं घासून) झाल्यावर. तेव्हा अंगही तापलेलं असतं आणि पोरांना घाईही नसते.