जाहिरातीतला आकडा म्हणजे घराचा भाव नव्हे!

आज सकाळी जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. फ्लॅट विकायला काढून त्यांना 9 महिने झाले. पहिल्याच महिन्यात त्यांनी ज्या किमतीला नकार दिला होता, काल आलेलं गिऱ्हाईक त्याहूनही कमी सांगून गेलं. काकूंचा आवाज पार बसला होता. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

एजंटने त्यांना आकडा कुठून काढून दिला? जाहिरातींतून! अहो, जाहिरातीत असते ती अपेक्षा. भाव म्हणजे व्यवहार ज्या रकमेला पुरा झाला ती. गेल्या 3 ते 6 महिन्यांत त्याच परिसरात, तेवढ्याच क्षेत्रफळाची, तेवढ्याच जुन्या इमारतींतली चार-पाच घरं प्रत्यक्षात कितीला गेली ते काढायचं. मग मजला, लिफ्ट, पार्किंग, गळती-दुरुस्ती यांची बेरीज-वजाबाकी. आणि कार्पेट (बाहेरच्या भिंती सोडून आतलं क्षेत्रफळ) कार्पेटशीच ताडायचं. एकाचं कार्पेट नि दुसऱ्याचं बिल्टअप (भिंती, बाल्कनी धरून) धरलंत की गणित तिथेच फसलं.

दुसरं, आपल्यासारखी किती घरं विक्रीला आहेत आणि महिन्याला किती जातात? समजा 24 आहेत आणि महिन्याला 3 जातात, तर 8 महिन्यांचा साठा झाला. साधारण 6 महिन्यांच्या आसपास तोल धरतात. साठा 3 महिन्यांवर आला की विकणाऱ्याचं चालतं, 8-10 वर गेला की घेणाऱ्याचं. हा हिशोब आपल्या भागाचा आणि आपल्या आकाराच्या घराचाच हवा. एकाच शहरात लहान फ्लॅट हातोहात जातात आणि मोठे वर्षभर पडून राहतात.

काकूंना खरे फोन आले ते पहिले दोन-तीन आठवडेच. शोधात असलेले लोक नवं घर तेव्हाच बघून घेतात. नंतर येणारा विचारतो, "इतके दिवस का पडून आहे? काही भानगड?" मग किंमत थोडी थोडी उतरवत गेलं की समोरचा म्हणतो, थांबूया, अजून उतरेल. काकूंचं नेमकं हेच झालं.

थांबून चांगला भाव मिळालेलेही आहेत, मान्य. पण चढत्या बाजारात. मंदीत आधी व्यवहार थांबतात, किमती मागाहून खाली येतात. तोवर मेंटेनन्स, कर आणि कर्ज असेल तर व्याज चालूच.

घेणाऱ्यांवरही राग काढण्यात अर्थ नाही म्हणा. 20 वर्षांच्या कर्जाचा दर 8 वरून 9 टक्के झाला तर हप्ता साडेसात टक्क्यांनी वाढतो. हप्ता तेवढाच ठेवायचा तर कर्ज सुमारे 7 टक्के कमी घ्यावं लागतं. बँकेचं मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आलं तर कर्ज त्या कमी आकड्यावर मिळतं आणि मधली रक्कम खिशातून. म्हणून टोकन देण्याआधीच लिहून घ्या: कर्ज नामंजूर झालं किंवा मूल्यांकन कमी आलं तर टोकन परत. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

काकूंना आता मुलीजवळ लहान घर घ्यायचंय. तिकडेही साठा जास्त असेल, तर इथे सोडावं लागेल त्यातलं थोडं तिथे घासाघीस करून परत मिळेल. तिकडचा साठा कमी असेल तर मात्र दोन्हीकडून फटका. उद्या संध्याकाळी आम्ही दोघी दोन्हीकडचे आकडे घेऊन बसणार आहोत. गेल्या सहा महिन्यांत आमच्या भागात दोन बेडरूमचा फ्लॅट विकला असेल, तर खरी रक्कम मला मेसेज करा. मागितलेली नको, मिळालेली.