अंगठा ठणकतोय, पण सांगायचंय वेगळंच

मागच्या रविवारी आमची अकरा जणांची टोळी पन्हाळ्याच्या पलीकडं एटीव्ही, म्हणजे रानवाटांवर चालणारी चारचाकी बाईक, चालवायला गेली होती. फोटो सगळ्यांनी बघितलेत, लाईक पण ठोकलेत, आभार. मातीनं माखलेली ती तोंडं आमचीच. पण फोटोत न आलेलं बरंच आहे, ते लिहायला बसलोय, आणि लिहिताना उजवा अंगठा ठणकतोय. ज्यांनी ही गाडी चालवली नाही त्यांना सांगतो, हिची मूठ पिळायची नसते. अंगठ्यानं एक छोटी दांडी दाबून धरायची, सोडली की गाडी मंदावते. दोन तास दाबून धरा, दुसऱ्या दिवशी भाकरी मोडताना कळतं.

चार फुगीर चाकं, त्यात हवा इतकी कमी की हातानं दाबली तरी दबतात. म्हणून तर ती दगडगोट्यांना धरून चालते. पण आपण पडलो जन्माचे टू-व्हीलरवाले, तिथंच घोटाळा होतो. बाईक वळणावर झुकते. ही झुकत नाही, आपणच आतल्या अंगाला सरकून वजन टाकायचं, नाहीतर ती बाहेरच्या बाजूला उलटायला बघते. चढाला पुढं वाकायचं, उताराला मागं रेलायचं. अमेरिकेत हिचीच तीनचाकी बहीण होती. ती इतक्या जणांवर उलटली की १९८८ साली कंपन्यांना तिची विक्री थांबवावी लागली.

आणि पाय. पाय कधीच खाली टेकायचा नाही. आमच्यातल्या एकानं पहिल्याच वळणावर सवयीनं टेकला आणि मागचं चाक टाचेवर आलं. गड्याच्या पायात कोल्हापुरी! टाच वाचली, चपलेचा अंगठा तुटला. आता हसतोय आम्ही, पण चप्पल घातलेल्या माणसाला गाडीवर बसवलंच कसं, हे विचारायचं तेव्हा कुणालाच सुचलं नाही. शिकवणी म्हणाल तर "हा ब्रेक, ही रेस, चला." माझ्या हेल्मेटचं बक्कल मोडलेलं, पट्ट्याला नुसती गाठ मारली होती. माणशी बाराशे रुपये मोजलेत, बक्कल तरी बसवा राव.

पहिला तासभर मात्र लई भारी. जुनी गाडीवाट, गावातली माणसं वाळलं लाकूड आणायला वापरतात ती. दोन्ही बाजूंनी जांभूळ, हिरडा, मधनंच करवंदीच्या जाळ्या. सकाळचं ऊन पानांतनं गळत होतं आणि वाट एवढी अरुंद की एकामागं एकच जाता येतं. अशा वेळी रीत साधी असते. प्रत्येकानं आपल्या मागच्यावर नजर ठेवायची, फाटा आला की मागचा दिसेपर्यंत थांबायचं, आणि सगळ्यात जाणता माणूस शेवटी. आमच्यात शेवटी राहायला कोण तयार? कोल्हापूरकराला दुसऱ्याची धूळ खायला सांगून बघा! शेवटी चपलेवाल्यालाच मागं टाकला.

झाडी संपली आणि सडा लागला, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं कातळाचं पठार. मसाई पठार नव्हे, त्याच्याच भावकीतला एक छोटा. पुढचा वाटाड्या हात वर करून ओरडला, "आता मोकळं सोडा!" सोडलं की आम्ही. अकरा गाड्या अकरा दिशांना. मी तर आठचे आकडे काढत होतो, नाद खुळा असं बोंबलत होतो, व्हिडिओत आहे.

म्हशी राखणारे एक मामा लांबनं चालत आले. धनगरवाड्यावरचे. मला वाटलं शिव्या घालणार. त्यांनी काठीनं जमीन दाखवली फक्त.

"ह्ये गेल्या सालचं. पावसात तुमच्यासारखीच पोरं आलीती. हितं गवात आलंच न्हाई बघा."

चाकाच्या रुंदीचे दोन पट्टे, लांबवर गेलेले. आजूबाजूला वाळलेलं पिवळं गवत आणि पट्ट्यात उघडा जांभा.

"म्हसरं काय दगूड खात्यात व्हय?"

मला उत्तर सुचलं नाही. "चुकलं मामा" एवढंच म्हणालो.

सड्यावर माती असते दोन-चार बोटं, खाली सगळा जांभा. त्या दोन-चार बोटांवर पावसाळ्यात गेंद फुलतो, सीतेची आसवं फुलतात. त्या जमिनीत कस इतका कमी की सीतेची आसवं बारीक किडे धरून आपली भूक भागवतात. आत्ता यातलं काही दिसत नाही, बी तेवढं मातीत पडून असतं. म्हणूनच आपल्याला तो मोकळा माळ वाटतो. चाकानं ती माती एकदा उचकटली की पहिल्या वळवातच धुपून जाते.

रात्री रश्श्यावर बसल्यावर वाद झाला. एक जण म्हणाला, बॉक्साइटच्या खाणींनी जिल्ह्यातले सडेच्या सडे पोखरलेत, तिथं कोण बोलत नाही आणि आमच्या चार चाकांचं काय घेऊन बसलाय. खाणीचं खरं आहे त्याचं. पण शेजाऱ्यानं घर पाडलं म्हणून आपण ओरखडे काढायचे, हे काय मला पटत नाही. गाडी बंद करा असं मी म्हणत नाही, पोरांना त्यातनं रोजगार मिळतोय आणि गाडीवाटेवर मला आलेली मजा खोटी नव्हती. गाडी वाटेवरच ठेवा आणि सडा सोडा, एवढंच म्हणणं.

दुसऱ्या एकाचं डोकं आणखी पुढं. "पुढच्या टायमाला दाजीपूर!" भावा, ते राधानगरी अभयारण्यात येतं, १९५८ पासूनचं अभयारण्य, ३५१ चौरस किलोमीटर. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ ला जागतिक वारशात गेल्या, त्यात राधानगरी आहे. तिथं असली गाडी रानात घालता येत नाही. आणि समज घातलीस, तर समोर टनभराचा गवा फुसकारत उभा राहिल्यावर अंगठा दाबणार का सोडणार?

परवा गाडीवाल्याला फोन केला, सड्यावर नेऊ नका म्हणून. तो म्हणाला, "साहेब, नुसत्या वाटेवरनं फिरवलं तर लोक म्हणतात पैसे वाया गेले. आणि व्हिडिओत सगळ्यात मोठ्यानं तर तुम्हीच वरडताय की."

व्हिडिओ काढून टाकलाय. फोटो राहू देत. चप्पल अजून सांधायला टाकलेली आहे.